तीराची मागची वीत : प्रस्तावना

या पुस्तकात तीराच्या टोकाला जेमतेम दीड पान मिळाले आहे. बाकी सगळी पाने मागच्या एका वितीवर खर्ची पडली आहेत: दोरी बसते ती खाच, खाचेपुढची बोटभर मोकळी जागा आणि तिथून पुढे चिकटवलेली तीन पिसे. नेमबाजीचे पुस्तक म्हणून हाती घेणाऱ्याला हा हिशेब उफराटा वाटेल. पण ज्याने तीरकामठा थोडा तरी हाताळला आहे त्याला विचारा. टोक बोथट असले तर तीर लक्ष्यावर आपटून खाली पडतो. पीस उखडले असेल तर तो लक्ष्यापर्यंत पोचेल की शेजारच्या तुरीत जाईल, हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

लेखक जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळ शिकवतात. मुलांच्या हातात बांबूचे धनुष्य देणे त्यांना जमले, पण चांगले तीर मिळवणे जड जाऊ लागले. आणि मिळालेच तर त्यांची पिसे एका पावसाळ्यात गळू लागली. तिथून ते पिसांच्या नादी लागले. आता त्यांची मुले तीराला टर्कीची पिसे लावतात, आणि ती पिसे मुले स्वतःच चिरतात, घासतात, चिकटवतात. हस्तलिखित हाती आले तेव्हा मी कोणीही विचारील तोच प्रश्न विचारला. टर्की कशाला? आपल्याकडे मोर आहे, घार आहे, कोंबडी तर घरोघर आहे. पुस्तकात याचे उत्तर चार ओळींत उरकले आहे. माझ्या मते पुस्तकाचे खरे म्हणणे त्या चार ओळींतच आहे, म्हणून इथे ते जरा ऐसपैस मांडतो.

आधी पीस करते काय ते पाहू. दोरी सुटते तेव्हा सगळा जोर तीराच्या मागच्या टोकावर येतो आणि पुढचे जड टोक जागचे हलायला क्षणभर वेळ घेते. या ओढाताणीत मधली काठी वाकते. शिवाय साध्या कामठ्यात तीर दांड्याच्या मधून जात नाही, बाजूने जातो. म्हणजे तो आधी एका अंगाला लवतो, दांड्याला वळसा घालतो, मग दुसऱ्या अंगाला लवतो आणि असा डोलतच पुढे निघतो. हा डोल पहिल्या काही हातांत मोडला तर ठीक, नाही तर नेम गेला. पीस हवेला अडते, त्यामुळे तीराचा मागचा भाग मागेच ओढला जातो आणि टोक पुढे राहते. पिसे किंचित तिरपी बसवली तर तीर स्वतःभोवती फिरू लागतो; मग काठीत थोडा बाक असला तरी तो तीराला एकाच बाजूला नेत नाही. पिसामुळे तीर लांब जातो, असे बरेच जण समजतात. ते खरे नाही. पीस वेग खातेच, फक्त त्या मोबदल्यात दिशा देते.

प्लास्टिकचे पाते हेच काम करते. ते पावसात भिजत नाही, कसर लागत नाही, दुकानात तयार मिळते. मग पिसाचा आग्रह का? कारण दांड्याला आणि मुठीला घासून जाताना पीस चपटे पडते आणि पुढे गेल्यावर पुन्हा उभे राहते. प्लास्टिक असे पडत नाही. ते अडखळते आणि तीराचे शेपूट बाहेर फेकते. वजनाचाही फरक आहे: तेवढ्याच लांबीचे प्लास्टिक पिसाच्या दुप्पट-तिप्पट भरते, आणि हे वजन नेमके नको त्या टोकाला येते.

स्पर्धेतल्या आधुनिक धनुष्याला तीर टेकवायला वेगळी सोय असते, दांडा मधोमध कापलेला असतो, तिथे घासण्याचा प्रश्नच येत नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जागतिक विजेतेपदे मिळवली. आमच्या शेजारच्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकार त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या संघात होता. हे तिघेही कंपाउंड धनुष्याचे खेळाडू. त्यांच्या प्रकारात कार्बनचा तीर आणि प्लास्टिकचे पाते हेच योग्य, त्यांना या पुस्तकाची गरज नाही. पण चांगल्या कंपाउंड धनुष्याची किंमत लाखाच्या घरात जाते. कापूस-सोयाबीनवर घर चालवणाऱ्या बापाने पोराच्या हौशीखातर तेवढे पैसे कुठून काढायचे? म्हणून बहुतेक मुलांची सुरुवात बांबूच्या धनुष्यावर, आपल्याकडच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात, ३० आणि ५० मीटरवर होते. बांबूच्या धनुष्याला पीसच लागते.

आता कोणत्या पक्ष्याचे, हा प्रश्न. तो काही आजचा नाही. १३६३ सालच्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचा एक भाग आहे आणि त्यात तीराच्या पिसांसाठी पक्ष्यांची यादीच दिली आहे. कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर अशी नावे तीत येतात. मापेही आहेत: एका तीराला चार पिसे, प्रत्येक सहा अंगुळे लांब; शार्ङ्ग म्हणजे शिंगाच्या धनुष्याच्या तीराला दहा अंगुळे; आणि ती तातीने पक्की बांधायची. महाभारतातल्या युद्धपर्वांत गिधाडाच्या आणि कंक पक्ष्याच्या पिसांचे बाण जागोजागी भेटतात. ही यादी सावकाश वाचली की तिचा व्यवहारीपणा नजरेत भरतो. तिच्यात पाणथळीचे पक्षी आहेत, मढ्यावर बसणारे आहेत आणि उकिरड्यावरचा कावळाही आहे. शुद्धाशुद्धतेचा विचार तिथे दिसत नाही. पंखाचे पीस लांब आणि ताठ हवे, आणि पक्षी हाताशी हवा, एवढ्याच दोन अटी.

आमच्या मुलखात हाताशी काय होते? भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर लागतो. तिथल्या दहाव्या लेण्यातल्या फार जुन्या चित्रांत श्याम जातकाची कथा रंगवलेली आहे: आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला गेलेला मुलगा आणि राजाने सोडलेला बाण, आपल्या श्रावणबाळाच्याच घराण्यातली गोष्ट. त्याच डोंगररांगेत पुढे कित्येक शतके तीरकामठा भिल्लांच्या हातात राहिला. सपाटीवर तोफांचे राज्य आले तरी तो हटला नाही. भोकरदनजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणींना घाम फोडला, तेव्हा तीर केव्हाच लढाईतून बाद झाला होता. पण त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, १८२५ मध्ये, इंग्रजांना भिल्लांसाठी तीन एजन्सी उभ्या कराव्या लागल्या, आणि त्यांतली एक याच रांगेतल्या कन्नडला होती. भिल्ली कामठ्याचा दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. लागेल ते सगळे डोंगरातून घ्यायचे, बाजारात जायचे नाही, अशी ही सगळी घडण. पिसालाही तोच नियम: जो पक्षी सापडेल त्याचे.

तो नियम आज पाळता येत नाही, आणि माझ्या मते पाळायचा हट्टही धरू नये. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत, हे पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. कारण २००४ मध्ये स्पष्ट झाले: गुरांना सूज-दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मढ्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झाले, तोवर तीन जातींतली ९० टक्क्यांहून जास्त गिधाडे संपली होती. ज्या पिसावर महाभारतातल्या बाणांची भिस्त होती, ते पीस देणारा पक्षीच आता डोळ्यांत तेल घालून जपावा लागतो आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंग, दात, नखे यांच्या रांगेत पीसही आहे. रानात पडलेले सापडले, पक्षी मारला नाही, अशी सबब सांगून घारीचे किंवा गरुडाचे पीस तीराला लावले तर प्रकरण अंगाशी येऊ शकते. मोराच्या बाबतीत लोक हमखास गोंधळतात. देवळापुढे, जत्रेत, वासुदेवाच्या डोक्यावर मोरपिसे दिसतात, म्हणून मोराचे सगळेच मोकळे असे वाटते. कायद्यातली सूट फक्त शेपटीच्या पिसांना आहे. ती पिसे तीराच्या काहीच कामाची नाहीत. लांब, लुसलुशीत, तंतू सुटे सुटे, हवेत धरली तर नुसती लवतात. तीराला उपयोगी पडते ते मोराच्या पंखाचे पीस, आणि त्याला सूट नाही.

राहता राहिली कोंबडी. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो, तेवढ्यात त्याच्या पंखाचे पीस भरत नाही. चिरायला गेले तर दांडा चुरगळतो. गावठी कोंबड्याचे पीस ताठ असते पण आखूड आणि बरेच वाकडे. लहान मुलांच्या हलक्या तीराला ते चालून जाते, मोठ्या तीराला पुरत नाही. पाळीव राजहंसाचे पीस फार चांगले. इंग्लंडची सगळी तिरंदाजी त्याच्यावर उभी होती. पाचव्या हेन्री राजाने १४१७ मध्ये फ्रान्सच्या स्वारीसाठी प्रत्येक हंसामागे सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम काढला होता. पण मराठवाड्यात राजहंस पाळणार कोण आणि त्याला डुंबायला पाणी कुठले! आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये माणसांना टँकर लागतो.

म्हणून टर्की. तिचे पंखाचे पीस फूटभर लांब, दांडा जाड, पाते रुंद आणि दाट. एका पिसातून मोठ्या तीराचे एक पाते सहज निघते, कधी दोन. मांसासाठी पाळतात, त्यामुळे पिसे एरवी उकिरड्यावरच जातात. कायद्याच्या लेखी ती कोंबडीसारखीच पाळीव. अमेरिकेतले हौशी तिरंदाज रानटी टर्कीच्या पट्टेरी पिसाला फार मान देतात आणि लेखकालाही त्याचे आकर्षण वाटलेले दिसते. दोन पाने त्यावर आहेत. त्यात फार जीव अडकवू नये. तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीने आणि जंगलतोडीने रानटी टर्की संपत आली होती, मग ती जपून पुन्हा वाढवावी लागली. पोल्ट्रीत मात्र पांढऱ्या जातीचे चलन वाढले, कारण सोललेल्या कोंबडीसारखी टर्कीही स्वच्छ दिसावी लागते आणि पांढऱ्या पिसाची राहिलेली खुंटे डोळ्यांत खुपत नाहीत. बाजारात मिळणारी लाल-पिवळी-हिरवी पिसे ही याच पांढऱ्या टर्कीची, रंगवलेली. काही विक्रेते पांढऱ्यावर पट्टे छापून रानटी असल्याचा आव आणतात, ही तर कमालच. ब्राँझ जातीच्या पाळीव टर्कीच्या पंखावर तसे काळे-पांढरे पट्टे जन्मतःच असतात. तीराला त्याचा फायदा शून्य, दिसायला मात्र सुरेख.

टर्की परकी आहे, आपल्या तीरकामठ्याला परदेशी पीस कशाला, असे हस्तलिखित वाचणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांनी मला विचारले. परकी खरीच. मूळची मेक्सिकोची, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेलेली, आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरलेली. पण तिची इथली पहिली नोंद इतकी देखणी आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जहांगीर बादशहाने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवले होते, फिरंग्यांकडे ज्या दुर्मीळ चिजा मिळतील त्या किमतीकडे न बघता घेऊन ये म्हणून. १६१२ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर कधी न पाहिलेली जनावरे होती, आणि त्यांत एक टर्की होती. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात तिचे वर्णन केले आहे. लांडोरीपेक्षा मोठी, मोरापेक्षा लहान. रंगात आली की मोरासारखी पिसारा पसरते. डोके आणि गळा घटकेत पोवळ्यासारखे लाल, घटकेत कापसासारखे पांढरे, मग फिरोजी. आणि कपाळावरचा मांसाचा तुकडा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो तर कधी आखडून वर चढतो. ज्याने ही टर्की प्रत्यक्ष पाहिली आहे तो सांगेल की यात अक्षराची अतिशयोक्ती नाही. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचे चित्र काढवून घेतले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जालन्याचा यात एक लांबचा धागा आहे. आइन-ए-अकबरीचा कर्ता अबुल फझल काही काळ जालन्याला राहिला होता, असे जुने गॅझेटियर सांगते. त्याच्या ग्रंथात शाही शस्त्रागाराची किमतींसह यादी आहे. तीत धनुष्ये आहेत, तीर आहेत, भाते आहेत, अंगात रुतलेले तीराचे टोक ओढून काढायचे हत्यारसुद्धा आहे. १६०२ मध्ये शाहजादा सलीमच्या चिथावणीवरून त्याचा खून झाला. तोच सलीम जहांगीर म्हणून दहा वर्षांनी या पक्ष्यापुढे थक्क होऊन बसला. अबुल फझल जगला असता तर टर्कीला रोजचा दाणा किती आणि तिच्या पिसांची किंमत काय, हेही त्याने लिहून ठेवले असते, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा हा पक्षी चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेला आहे. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात. ती मिरचीही त्याच खंडातली, त्याच फिरंग्यांनी आणलेली, आणि तिच्यावाचून आमचा ठेचा होत नाही. तीरकामठ्याची परंपरा म्हणजे अमुक पक्ष्याचे पीस, असे मानणारे लोक शार्ङ्गधराची यादी उलटी वाचतात. त्या यादीतले पक्षी हाताशी होते म्हणून तिथे आले. आज ते नाहीत किंवा त्यांना हात लावणे गैर आहे, आणि टर्की आहे. परंपरा असलीच तर ती पीस निवडण्यात, चिरण्यात आणि बांधण्यात आहे, आणि पुस्तकाचा मोठा भाग तेच शिकवतो.

त्या कामाचे थोडे दर्शन इथे घडवतो, कारण नुसते प्रकरणांचे मथळे पाहून ते किती नाजूक आहे याचा अंदाज येत नाही. पंखाच्या टोकाकडची दहा मोठी पिसे, ती तीराची. त्यांतही अगदी बाहेरची फार अरुंद, आतल्या बाजूची मऊ. मधली पाच-सहा सोन्यासारखी. टर्की कापल्यावर पिसे सुटावीत म्हणून तिला कढत पाण्यात बुडवतात. त्याआधीच ही पिसे काढून घ्यायची. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, चोळायची नाहीत, आणि सावलीत वाळवायची. पाते विस्कटलेले असले तरी टाकू नका. किटलीच्या वाफेवर क्षणभर धरून देठाकडून शेंड्याकडे दोन बोटांतून ओढले की ते पुन्हा एकसंध होते. पात्याच्या प्रत्येक तंतूला बारीक आकडे असतात आणि ते चेन लावल्यासारखे एकमेकांत बसत जातात.

यानंतर डावे-उजवे. एका तीरावर एकाच बाजूच्या पंखाची पिसे हवीत, डावी तर तिन्ही डावी. एक जरी उलट आले तर दोन पिसे तीराला एका दिशेने फिरवू बघतात आणि तिसरे विरुद्ध दिशेने, मग तीर फडफडत जातो. ओळखायची खूण सोपी आहे. पिसाच्या खालच्या अंगाला दांड्यात बारीक पन्हळ असते, ते अंग खाली ठेवा. देठ आपल्याकडे, शेंडा समोर. रुंद पाते डाव्या हाताला आले तर पंख डावा, उजव्या हाताला आले तर उजवा. लेखकाची सातवीतली मुले हे पत्ते वाटावेत तशी झपाझप करतात.

चिरण्याच्या दोन रीती पुस्तकात दिल्या आहेत. पहिलीत शेंड्याजवळ रुंद पाते चिमटीत धरून देठाकडे सोलत आणायचे. दांड्याची पातळ साल घेऊन ते सुटते. हात बसला असेल तर सरसर, नाही तर निम्म्यात फाटते. दुसरीत धारदार ब्लेडने दांडा उभा चिरायचा, आतला पांढरा गर खरवडून काढायचा आणि बूड पॉलिश पेपरवर घासत नेऊन पुठ्ठ्याइतके पातळ करायचे. घासताना पीस दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चिमटून धरायचे, म्हणजे फक्त बूडच घासले जाते. इथे घाई केली की चूक पक्की. बुडाची एक कड दुसरीपेक्षा जास्त गेली तर चिकटवल्यावर पीस काठीवर कलते, आणि कललेले पीस नंतर कोणत्याही उपायाने सरळ होत नाही. माझ्या समोर एका मुलीने घासलेले बूड काचेवर उभे करून पाहिले. हात काढल्यावर पीस आपल्या बुडावर उभे राहिले, तेव्हा तिने ते पास केले. काचेची ही परीक्षा पुस्तकात नाही, पुढच्या आवृत्तीत यावी.

चिकटवताना पिसाचा बुडखा पुढे आणि शेंडा खाचेकडे. उलटे लावले तर वारा तंतूंच्या विरुद्ध शिरतो आणि पाते पिंजून टाकतो. खाचेपाशी बोटभर जागा सोडायची, नाही तर दोरी ओढणारी बोटे पिसाला लागतात. तीन पिसांतले एक खाचेला काटकोनात बसवायचे आणि त्याचा रंग वेगळा ठेवायचा. तीर दोरीला लावताना ते धनुष्याच्या दांड्याच्या बाहेरच्या बाजूला राहिले पाहिजे. लांबी चार-पाच इंच पुरे. आकार कात्रीने द्या किंवा तापवलेल्या तारेने. तारेने कड सुबक येते, पण जळक्या केसांचा असा वास सुटतो की घरातली माणसे अंगणात हाकलतात.

लेखकाशी माझे एका जागी जमत नाही. ते झटपट चिकटणाऱ्या डिंकावर सगळी भिस्त ठेवतात आणि दोऱ्याच्या बांधणीला हौस म्हणतात. डिंकाने काम पटकन होते, हे कबूल. पण तो वाळल्यावर ठिसूळ होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेले तीर तापतात, आणि मग लक्ष्यावर आपटताच पिसाचा पुढचा कोपरा उचलला जातो. एकदा कोपरा उचलला की ते पीस सोडणाऱ्याच्या हाताला चिरा पाडते. पुढच्या आणि मागच्या टोकाला मेण लावलेल्या दोऱ्याचे दहा-बारा वेढे दिले तर हा त्रास उरत नाही. शार्ङ्गधराच्या काळी तातीने बांधत. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजातून हजारो तीर वर निघाले, त्यांच्या शेपटांवर दोऱ्याच्या वेढ्यांच्या खुणा आहेत. इतक्या लांबच्या कारागिरांना एकच गोष्ट सुचली असेल, तर तिला हौस म्हणणे बरे नव्हे. मी हे लेखकाला सांगितले. त्यांनी मजकूर बदलला नाही, पण प्रस्तावनेत लिहायची मोकळीक दिली.

त्याच जहाजातल्या तीरांच्या चिकटवणीत तांब्याचा अंश सापडला आहे, पिसांना किडे लागू नयेत म्हणून मिसळलेला. कसर हा पिसाचा सगळीकडचाच वैरी. लेखक डांबरगोळ्या सुचवतात, मी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कापूर वापरतो; डबा घट्ट झाकणाचा असला तर दोन्हींनी भागते. पाला वाळलेलाच हवा, ओलसर घातला तर कसरीऐवजी बुरशी येते.

एका बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही. मेलेल्या पक्ष्याची पिसे घ्यायची नाहीत, तो कितीही ओळखीच्या पोल्ट्रीतला असो. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये तो अगदी शेजारी, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात येऊन गेला, आणि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. निरोगी पक्षी, माहितीचा कापणारा आणि लगेच धुतलेली पिसे, याखेरीज दुसरे काही शाळेच्या आवारात येऊ देऊ नये. लेखकाने हे पाचव्या प्रकरणात घातले आहे. खरे तर ते पहिल्या पानावर हवे होते.

पुस्तक कुठूनही वाचायला घेतले तरी चालेल. पिसे आणायला निघण्यापूर्वी मात्र दुसरे प्रकरण वाचा आणि बरोबर दोन पिशव्या न्या, एक डाव्या पंखांसाठी, एक उजव्या. पोल्ट्रीवाला सगळे एकाच गोणीत कोंबून देईल आणि घरी गेल्यावर निवडा म्हणेल. त्याचे ऐकू नका. ओल्या, चुरगळलेल्या पिसांच्या ढिगात पन्हळ दिसत नाही, आणि चुकीचे पीस निघाले हे कळते ते तीर पूर्ण झाल्यावर.